सनद हातात आहे, दहावी कुठे आहे?

दीनी तालीम आणि विद्यापीठाची पदवी : आपल्या मुलामुलींसाठी वाटा, अटी आणि वर्षांचा हिशेब

ईदच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. आमचाच जुना विद्यार्थी. सातवीनंतर वडिलांनी शाळेतून दाखला काढला आणि त्याला मदरशात घातले. नऊ वर्षांत त्याने हिफ्ज पूर्ण केले, आलिमियत पूर्ण केली. आता वय बावीस. पांढरा कुर्ता, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये सोनेरी वेलबुट्टीची सनद. शीरखुर्मा घेताना तो म्हणाला, "सर, भिंगारच्या छावणीत मौलवी साहेबांची जागा असते म्हणतात. लष्कराची जाहिरात आली आहे. फॉर्म भरायचा आहे, जरा बघता का?"

आम्ही जाहिरात वाचली. लष्करात धार्मिक शिक्षकाची जागा असते, हुद्दा ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरचा, सुरुवात नायब सुभेदार म्हणून. मौलवी पदासाठी अरबी किंवा उर्दूतील आलिमची पात्रता लागते, ती त्याच्याकडे होती. पण त्याच ओळीत आधी लिहिले होते : मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी. आम्ही विचारले, "दहावी कधी केलीस?" तो म्हणाला, "दहावी नाही ना सर. सातवीचा दाखला आहे. तुमचीच सही आहे त्यावर."

त्या वाक्याने आम्हाला रात्रभर झोप लागली नाही. सही खरोखर आमची होती. त्या दिवशी त्याचे वडील वर्गाबाहेर उभे होते. "सर, मुलगा हाफिज होणार, दुआ करा," असे म्हणाले होते. आम्ही दुआ केली, मुबारकबाद दिली, दाखल्यावर सही केली. एक वाक्य मात्र बोललो नाही : "मदरशात जरूर घाला, पण दहावीचा फॉर्म सोबत भरत राहा." हा लेख त्या न बोललेल्या वाक्याची भरपाई आहे.

आमच्या किल्ल्यातील कैदी

आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात 1942 ते 1945 या काळात मौलाना अबुल कलाम आझाद कैदेत होते. पंडित नेहरू, सरदार पटेल आणि काँग्रेस कार्यकारिणीचे इतर नेतेही त्यांच्याबरोबर होते. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले आणि मौलानांची ‘गुबारे-खातिर’मधील पत्रेही इथलीच. एप्रिल 1943 मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कोलकात्यात वारल्या, ती बातमी मौलानांना याच किल्ल्याच्या भिंतीआड मिळाली.

मौलानांचे शिक्षण घरीच झाले. वडिलांनी आणि वडिलांनी निवडलेल्या उस्तादांनी त्यांना दर्से-निजामी शिकवला आणि सोळाव्या वर्षाच्या आसपास त्यांनी तो संपवला. इंग्रजी ते पुढे स्वतःच्या बळावर शिकले. विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नव्हती. तरीही ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले. म्हणूनच अनेक पालक आम्हाला सांगतात, "सर, मौलाना आझादांकडे कुठे डिग्री होती?"

हे खरे आहे. पण पुढची गोष्टही तेवढीच खरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोग, ज्याला आपण यूजीसी म्हणतो, त्याचे उद्घाटन 1953 मध्ये मौलानांनीच केले. यूजीसीचा कायदा 1956 मध्ये झाला, तेव्हाही शिक्षणमंत्री तेच होते. देशात पदवी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हे तोच कायदा ठरवतो : कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला किंवा तसा दर्जा मिळालेल्या संस्थेला. ज्यांच्याकडे स्वतः पदवी नव्हती, त्यांनी आपल्या मुलांसाठी पदवीची पक्की व्यवस्था उभी केली. मौलानांचे नाव घ्यायचे तर हा अर्धा भागही लक्षात ठेवला पाहिजे.

सनद वेगळी, पदवी वेगळी

इथे सर्वांत मोठा गोंधळ शब्दांचा आहे. आलिम, फाजिल, जामिया हे शब्द आपल्या घरात रोजचे, पण कागदावर त्यांचा अर्थ जागेनुसार बदलतो.

उत्तर प्रदेशच्या मदरसा बोर्डात ‘आलिम’ म्हणजे बारावीच्या बरोबरीची परीक्षा. बिहारच्या मदरसा बोर्डात बारावीच्या बरोबरीला ‘मौलवी’ म्हणतात आणि ‘आलिम’ पदवीच्या पायरीवर येतो. स्वतंत्र मदरशांत आलिमियत म्हणजे सहा-आठ वर्षांचा दर्से-निजामीचा अभ्यास, ज्याचा शेवट बहुतेक ठिकाणी दौरा-ए-हदीसने होतो. शब्द एक, पायऱ्या तीन. महाराष्ट्रात तर राज्याचे मदरसा परीक्षा मंडळच नाही. त्यामुळे आपल्याकडची सनद ही त्या त्या मदरशाची सनद असते, सरकारी परीक्षेची नव्हे.

5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर निकाल दिला. न्यायालयाने 2004 चा तो कायदा वैध ठरवला. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क आहे आणि शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्य नियम करू शकते, असे सांगितले. मात्र त्या बोर्डाच्या ‘कामिल’ आणि ‘फाजिल’ या पदवी व पदव्युत्तर पातळीच्या तरतुदी रद्द केल्या, कारण त्या यूजीसी कायद्याशी विसंगत होत्या. म्हणजे ज्या राज्यात सरकारी मदरसा बोर्ड आहे, तिथेही पदवी विद्यापीठाचीच लागते.

‘जामिया’ या शब्दाचेही तसेच. अरबीत त्याचा अर्थ विद्यापीठ. पण नावात जामिया असलेला प्रत्येक मदरसा कायद्याने विद्यापीठ नसतो. दिल्लीची जामिया मिल्लिया इस्लामिया हे केंद्रीय विद्यापीठ आहे. आपल्या तालुक्यातील एखादा जामिया हा दीनी मदरसा आहे, आणि त्यात त्याचा काहीही कमीपणा नाही. कुरआन आणि हदीस शिकवण्यासाठी त्याला यूजीसीची परवानगी लागत नाही. फक्त त्याच्या सनदेकडून पदवीचे काम मागू नये.

दीनियातची पदवी कुठे मिळते?

आपल्या मुलाला दीनी विषयातच पुढे शिकायचे असेल, तर विद्यापीठांत दोन प्रकारचे अभ्यासक्रम आहेत. एक ‘थिऑलॉजी’ म्हणजे दीनियात : तफसीर, हदीस, फिकह, अकायद यांचा श्रद्धेच्या आतून केलेला अभ्यास. दुसरा ‘इस्लामिक स्टडीज’ : इस्लामचा इतिहास, संस्कृती, विचार आणि मुस्लिम समाज यांचा विद्यापीठीय पद्धतीने अभ्यास. दुसऱ्यात इतर धर्मांचे विद्यार्थीही असतात.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात दीनियातची स्वतंत्र विद्याशाखा आहे आणि तिच्यात सुन्नी दीनियात व शिया दीनियात असे दोन विभाग आहेत. तिथे बॅचलर ऑफ थिऑलॉजी आणि मास्टर ऑफ थिऑलॉजी या पदव्या मिळतात, पुढे पीएच.डी.ही करता येते. इस्लामिक स्टडीजचा विभाग त्याच विद्यापीठात वेगळा आहे. अलीगढ आणि देवबंद एकमेकांच्या विरोधात, असे आपण सहज बोलून जातो. पण सर सय्यदांच्या कॉलेजात दीनियातची जबाबदारी सांभाळणारे मौलाना अब्दुल्लाह अन्सारी हे देवबंदचे संस्थापक मौलाना कासिम नानौतवी यांचे जावई होते. मदरसा आणि कॉलेज यांच्यातला पूल जुनाच आहे.

दिल्लीत जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या दोन्ही ठिकाणी इस्लामिक स्टडीजचे विभाग आहेत. श्रीनगरच्या काश्मीर विद्यापीठात शाह-ए-हमदान यांच्या नावाची इस्लामिक स्टडीजची संस्था आहे. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ आहे.

पण नगर जिल्ह्यातील मुलांसाठी सर्वांत सोयीचे म्हणून आम्ही नेहमी मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे नाव सांगतो. लोक त्याला ‘मानू’ म्हणतात. हे केंद्रीय विद्यापीठ 1998 मध्ये हैदराबादेत स्थापन झाले. माध्यम उर्दू, त्यामुळे मदरशातील मुलाला भाषेची भीती नाही. दूरशिक्षणाची सोय असल्याने इमामत करणारा किंवा मकतब चालवणारा मुलगाही बी.ए. करू शकतो. छत्रपती संभाजीनगरला मानूचे अध्यापक महाविद्यालयही आहे, नगरहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर.

ज्यांना घराजवळ राहायचे आहे त्यांच्यासाठी आपला जिल्हा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत आहे. तिथे दीनियातची पदवी नसली, तरी पुण्याच्या कॅम्पातील पूना कॉलेजसारख्या ठिकाणी अरबी आणि उर्दू हे विषय घेऊन बी.ए. करता येते. आलिमियत झालेल्या मुलाला अरबीचा पेपर हातचा मळ असतो. आमचे मत विचाराल तर दीनी सनद मदरशाची आणि बी.ए. अरबी किंवा उर्दूची, ही जोडी अनेक मुलांना थिऑलॉजीच्या पदवीपेक्षा जास्त कामाची ठरते. कारण पुढे सांगतो.

प्रवेशाच्या अटी : चार दारे

प्रत्येक विद्यापीठाच्या माहितीपत्रकात बारीक अटी बदलत असतात, त्या वर्षीचे पत्रक वाचल्याशिवाय फॉर्म भरू नये. पण सांगाडा सगळीकडे सारखाच आहे. पदवीला बारावी किंवा विद्यापीठाने मान्य केलेली सनद, पदव्युत्तरला पदवी. त्या पदवीपर्यंत पोहोचायची दारे चार.

पहिले दार, सरळ बारावी. शाळेतून दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना काहीच अडचण नाही. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आहे. काही विद्यापीठे काही अभ्यासक्रमांना ती धरतात, काहींना स्वतःची परीक्षा घेतात किंवा गुणांवर प्रवेश देतात. तुमच्या अभ्यासक्रमाला कोणती परीक्षा लागू आहे, हे आधी पाहावे.

दुसरे दार, मान्य मदरशाची सनद. अलीगढ, जामिया मिल्लिया, मानू ही विद्यापीठे मदरशांची यादी ठेवतात. यादीत मदरशाचे नाव आणि त्याच्या कोणत्या सनदेवर कोणत्या वर्गात प्रवेश मिळेल, हे दिलेले असते. देवबंद, नदवा यांसारखी मोठी नावे आपल्याला माहीत असतात, पण गावाकडचा मदरसा यादीत असेलच असे नाही. म्हणून मुलाला मदरशात घालतानाच नाजिम साहेबांना अदबीने विचारावे : "आपली सनद कोणत्या विद्यापीठाच्या यादीत आहे?" यात बेअदबी काहीच नाही. चांगला नाजिम या प्रश्नाने खूश होतो. आणखी एक अट विसरू नये. सनद मान्य असली तरी अनेकदा बारावीच्या दर्जाची इंग्रजी वेगळी उत्तीर्ण व्हावी लागते. आमची बहुतेक मुले इथेच अडकतात.

तिसरे दार, ब्रिज कोर्स. अलीगढ विद्यापीठाने 2013 मध्ये मदरशातून बाहेर पडलेल्या मुलामुलींसाठी एक वर्षाचा ब्रिज कोर्स सुरू केला. इंग्रजी आणि आधुनिक विषयांची तयारी करून त्यांना विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात आणायचे, हा त्यामागचा हेतू. मानूनेही मदरशातील विद्यार्थ्यांसाठी ब्रिज कोर्स चालवले आहेत. ज्यांची वर्षे आधीच गेली आहेत, त्यांना हे दार उपयोगी आहे. मात्र ब्रिज करणाऱ्यांनाही आम्ही सांगतो, दहावीचे प्रमाणपत्र काढून ठेवा. नोकरीच्या जवळपास प्रत्येक अर्जात दहावीचा रकाना असतो आणि जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही तोच कागद मागतात.

चौथे दार, मुक्त शाळा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयीन शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएस. दहावीसाठी वय 14 पूर्ण हवे. बारावीसाठी 15 पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण. किमान पाच विषय घ्यायचे, त्यात उर्दू आणि अरबी घेता येते. दहावी उर्दू किंवा मराठी माध्यमातूनही देता येते. एकदा नाव नोंदले की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक-दोन-दोन विषय करत सोडवता येतात. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एक नियम लक्षात ठेवावा : दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचे अंतर लागते. घाई करून दोन्ही एका वर्षात होत नाहीत. ज्यांना राज्य मंडळाचीच परीक्षा द्यायची आहे, त्यांच्यासाठी खासगी विद्यार्थ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

वर्षांचा हिशेब

आता आमच्या त्या विद्यार्थ्याचा हिशेब मांडू. तेराव्या वर्षी मदरसा, बाविसाव्या वर्षी सनद. आता दहावी केली तर वय तेवीस. दोन वर्षांनी बारावी, पंचवीस. तीन वर्षांचे बी.ए., अठ्ठावीस. कुठे एका विषयात अडकला तर एकोणतीस-तीस. लष्कराच्या जागेला वयाची मर्यादा असते आणि जाहिरात दरवर्षी आपल्या सोयीने निघत नाही.

हाच मुलगा मदरशात असताना सोळाव्या वर्षी मुक्त शाळेची दहावी देता, अठराव्या वर्षी बारावी, तर दूरशिक्षणाचे बी.ए. एकविसाव्या वर्षी हातात असते. बाविसाव्या वर्षी सनद मिळाली तेव्हा पदवी आधीच घरात. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये. सहा-सात वर्षांचा हा फरक आहे, आणि तो बुद्धीचा नाही, पैशाचाही फारसा नाही. वेळेवर भरलेल्या एका फॉर्मचा आहे.

हे जमते का? जमते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील चेम्माडला 1986 पासून चालणाऱ्या दारुल हुदामध्ये मुले दीनी अभ्यासक्रमाबरोबरच मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी घेतात. आपल्या शेजारी बिदरला शाहीन संस्थेने हाफिज मुलांना शाळेच्या प्रवाहात आणण्याचे वर्ग चालवले आहेत. आपल्याच राज्यात अक्कलकुव्याच्या इशाअतुल उलूममध्ये मरहूम मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी मदरशाबरोबर शाळा आणि व्यावसायिक महाविद्यालये उभी केली. यामुळे कोणाचे दीन कमी झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

पदवीनंतर काय?

आता वर सांगितलेले कारण. थिऑलॉजीची पदवी घेण्याआधी तिचा पुढचा रस्ता बघावा.

शिक्षक व्हायचे असेल तर बी.एड. लागते. त्यासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात 50 टक्के गुण आणि राज्याची सीईटी हवी. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे पदवीला शाळेत शिकवला जाणारा विषय असावा लागतो. उर्दू, अरबी, इतिहास, इंग्रजी हे शालेय विषय आहेत. फक्त दीनियात घेतलेल्या मुलाला बी.एड.च्या वेळी अध्यापनाचा विषय कोणता, हा प्रश्न येतो. म्हणून इस्लामिक स्टडीज घ्यायचे तर जोडीला उर्दू, अरबी किंवा इतिहास जरूर घ्यावा. पहिली ते आठवीला शिकवायचे तर बी.एड. किंवा डी.एड.नंतर टीईटीही द्यावी लागते.

प्राध्यापक किंवा संशोधक व्हायचे असेल तर यूजीसी-नेट. तिच्यात उर्दू, अरबी यांबरोबर ‘अरब संस्कृती आणि इस्लामिक स्टडीज’ हाही स्वतंत्र विषय आहे. त्यात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये मिळतात. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्राने 2022 मध्ये बंद केली. त्यामुळे नेटची तयारी आता अधिकच महत्त्वाची.

मदरशातच शिकवायचे असेल तरी पदवी कामाला येते. राज्याच्या डॉ. झाकिर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत गणित, विज्ञान, इंग्रजी, मराठी असे विषय शिकवणाऱ्या शिक्षकांना मानधन मिळते. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचे मानधन 6,000 वरून 16,000 आणि पदवीधर बी.एड. शिक्षकांचे 8,000 वरून 18,000 रुपये करण्याचा निर्णय घेतला. आलिम असलेलाच मुलगा बी.एड. झाला, तर त्या मदरशाला त्याच्याइतका योग्य शिक्षक दुसरा कोण मिळणार?

परदेशाचेही अनेक जण विचारतात. मदिनेचे इस्लामी विद्यापीठ 1961 मध्ये स्थापन झाले, तिथे परदेशी मुलांना शिष्यवृत्तीवर घेतात. काहिराचे अल-अजहर तर हजार वर्षांचे. पण तिथेही वयाची अट आणि बारावीचे किंवा मान्य सनदेचे प्रमाणपत्र असतेच. परतल्यावर इथे नोकरी करायची तर त्या पदवीची समकक्षता काढावी लागते. जाण्याआधी हे विचारून ठेवावे.

मुलींचे काय?

आलिमा झालेल्या मुली आज आपल्या जिल्ह्यात गावोगाव आहेत. त्यांच्यासाठी हा विषय जास्त गरजेचा आहे, कारण मुलाला उशिरा का होईना दुसरी संधी मिळते, मुलीचे लग्न ठरले की फाईल कपाटात जाते.

आमच्या शाळेतली एक मुलगी आठवते. तिच्या अम्मीने हट्ट धरला, "दहावी आधी, मदरसा नंतर." दहावी झाली. निवासी मदरशात आलिमाचा अभ्यास करत तिने बारावी बाहेरून दिली. घरी आल्यावर दूरशिक्षणाने बी.ए., विषय उर्दू आणि इतिहास. मधे निकाह झाला, तिसऱ्या वर्षाची परीक्षा तिने सासरहून दिली. आता बी.एड. करते आहे आणि संध्याकाळी मोहल्ल्यातील मुलींना तजवीद शिकवते. अल्हम्दुलिल्लाह. तिची अम्मी स्वतः चौथी शिकलेली आहे.

कागदांची छोटी गोष्ट

फॉर्म नाकारला जातो तो बहुतेक वेळा गुणांमुळे नाही, कागदांमुळे. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’, आधारवर इंग्रजीत वेगळे स्पेलिंग, सनदेवर ‘मोहम्मद’ जोडलेले. नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी करून घ्यावी. दहावीच्या फॉर्मवर लिहिले तेच नाव आयुष्यभर चालते, म्हणून तिथे सावध राहावे. सनदेवर हिजरी साल असते, तर सोबत इंग्रजी तारखेचे पत्र मदरशाच्या लेटरहेडवर मागून घ्यावे. सनद अरबीत असेल तर इंग्रजी भाषांतर आणि विषयवार गुणपत्रक घ्यावे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कुठल्याही कार्यालयात कायमचा देऊन टाकू नये, प्रत द्यावी.

मदरशाचे वर्ष शाबानमध्ये संपते आणि शव्वालमध्ये सुरू होते. सध्या रमजान फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो, म्हणजे मदरशाची परीक्षा संपते तेव्हाच विद्यापीठांचे फॉर्म सुरू होण्याचा काळ असतो. सुट्टीत मुलगा घरी येतो ते दिवस फॉर्मसाठी राखून ठेवावेत. आणि कोणी "घरबसल्या एका वर्षात बी.ए." असे सांगत आला, तर पैसे देण्याआधी यूजीसीच्या मान्यताप्राप्त विद्यापीठांच्या यादीत नाव पाहावे. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसीच प्रसिद्ध करते.

शेवटी

तो मुलगा आता कुठे आहे, असे वाचक विचारतील. त्याने मुक्त शाळेत नाव घातले. पहिल्या वेळी इंग्रजीत नापास झाला. आमच्याकडे येऊन गप्प बसला. आम्ही म्हणालो, "तीस पारे पाठ करणाऱ्याला एक व्याकरणाचे पुस्तक जड जाते का?" तो हसला. दुसऱ्या वेळी पास झाला. त्यानंतर बारावी झाली. आता फजरची जमात पढवून तो उर्दू माध्यमातून बी.ए.चा अभ्यास करतो, पहिले वर्ष आहे. लष्कराची जागा त्याला वयाच्या आत मिळेल की नाही, हे अल्लाह जाणे. तो म्हणतो, "नाही मिळाली तर बी.एड. करीन सर. पण माझ्या धाकट्या भावाचा फॉर्म मी यंदाच भरला."

आमच्या शाळेत आता एक नवी पद्धत आहे. पालक मदरशासाठी दाखला मागायला आले की सही करण्याआधी आम्ही त्यांच्या हातात एक चिठ्ठी देतो. तिच्यावर तीनच प्रश्न आहेत. मुलगा दहावी कोणत्या वर्षी देणार? इंग्रजी कोण शिकवणार? सनद कोणत्या विद्यापीठाच्या यादीत आहे? उत्तरे लगेच मिळाली नाहीत तरी चालते. पालक चिठ्ठी खिशात घालतात, मदरशात जाऊन विचारतात. काही जण परत येऊन सांगतात. परवा एक अब्बा आले आणि म्हणाले, "सर, नाजिम साहेबांनी तुमची चिठ्ठी ठेवून घेतली. म्हणाले, आमच्याकडच्या सगळ्या मुलांसाठी विचारतो."

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्मही देवो आणि त्या इल्माचा हक्काचा कागदही देवो. आमीन.